डिचोली ते कन्याकुमारी, दोघांनी सायकलने जायचं असेल तर

मी आणि माझा मित्र, दोघंही गोव्यातल्या डिचोलीचे. संक्रांत झाल्यावर सायकली काढल्या आणि पंधराव्या दिवशी संध्याकाळी कन्याकुमारीला पोचलो. तेरा दिवस सायकल, दोन दिवस आराम, सगळं मिळून अकराशे किलोमीटरच्या थोडं वर. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारतात की आम्ही दोघं जायचं म्हणतोय, काय काय लागतं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. एकट्याने कसं जायचं, ग्रुपने कसं जायचं हे सांगणारे खूप भेटतात, पण दोघांचं गणित वेगळं असतं, दोघांत एक फास्ट असतो आणि एक हळू, आणि ट्रिप पुरी होणार की पाचव्या दिवशी अबोला धरून बसने घरी यायचं हे बहुतेक त्यावरच ठरतं. माझं मत आता पक्कं आहे, दोघांची राईड म्हणजे जो हळू आहे त्याची राईड. अंतर त्याच्या पायांनी मोजायचं आणि ब्रेक त्याच्या तोंडाकडे बघून घ्यायचा.

हे मला पहिल्याच दिवशी कळलं. मडगाव सोडून कुंकळ्ळी, बाळ्ळी झालं की काणकोणच्या अलीकडे करमल घाट लागतो, जंगलातला वळणांचा रस्ता, तिथे मी चढावर पुढे निघून गेलो आणि वर जाऊन थांबलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, मित्र काही येईना, फोन लागेना. शेवटी परत खाली उतरलो तर तो अर्ध्या घाटात कडेला बसलेला, चेन तुटलेली, आणि चेन जोडायचं टूल माझ्या बॅगेत. त्याच्याकडे पाणी संपलेलं, माझ्याकडे दोन बाटल्या. तो काही बोलला नाही पण मला फार वाईट वाटलं, आणि त्या रात्री काणकोणात रूमवर बसून आम्ही सगळे नियम ठरवले जे खरं तर घरी बसून ठरवायला हवे होते. तुम्ही ते आधीच ठरवा.

पहिला नियम, हळू चालवणारा पुढे. मागचा त्याला बघत राहतो, पुढच्याला मागे वळून बघायची गरज नाही. सपाट रस्त्याला वाऱ्याशी भांडायचं असेल तेव्हा फास्टवाला पुढे येऊन वारा अडवू शकतो, पण मागच्याने आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधी न्यायचं नाही, चाकाला चाक लागलं की पडतो तो मागचाच. दुसरा, घाटात आपापल्या स्पीडने गेलात तरी पुढच्याने दर दोन-तीन किलोमीटरला थांबायचं, आणि फाटा आला की जो पुढे आहे त्याने तिथेच उभं राहायचं, मागचा दिसल्याशिवाय वळायचं नाही. तिसरा, टूल आणि औषधं दोघांत वाटायची नाहीत, दोघांकडे स्वतंत्र हवीत, निदान ट्यूब, पंप, टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायची पट्टी), मल्टीटूल आणि चेनची जोडकडी. वजन वाढतं, वाढू दे. चौथा, कोणीही कधीही "आज बस्स" म्हणू शकतो आणि दुसऱ्याने त्यावर वाद घालायचा नाही. आमच्या ट्रिपमध्ये हे तीनदा झालं, दोनदा त्याने म्हटलं, एकदा मी.

कधी निघायचं

पावसात नाही. जुलै २०२४ मध्ये अंकोल्याजवळ शिरूरला हायवेवर दरड कोसळून माणसं गेली ते सगळ्यांना आठवत असेल, आपला रस्ता तोच आहे. मार्चनंतर नाही, किनाऱ्यावर घामाने जीव जातो. उरतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण त्यातही नाताळ-न्यू इयरला गोव्यापासून गोकर्णापर्यंत रूम भरलेल्या आणि रस्ते गाड्यांनी भरलेले असतात, आणि केरळात मकरज्योतीपर्यंत शबरीमलाच्या यात्रेकरूंची गर्दी असते. म्हणून संक्रांत झाली की दोन-तीन दिवसांनी निघायचं, महिनाअखेर पोचता. शिवाय त्या दिवसांत दुपारचा वारा समुद्राकडून, जास्त करून वायव्येकडून येतो, म्हणजे दक्षिणेला जाताना तो बाजूने किंवा पाठीमागून लागतो. कन्याकुमारीहून गोव्याकडे येणाऱ्यांना तोच वारा तोंडावर घ्यावा लागतो, म्हणून दिशा हीच ठेवा.

तयारी चवथ (गणेशचतुर्थी) झाली की सुरू करा, चार महिने मिळतात. आधी सोपं, मये, नार्वे, तिथून फेरीबोटीने दिवाडी बेटावर फिरून परत, सपाट रस्ता आणि गाड्या कमी. मग फोंडा-मडगाव जाऊन येऊन एका दिवसात. एकदा तरी सत्तरीतल्या केरीवरून चोर्ला घाट चढून या, आपल्या वाटेवर एवढा मोठा घाट कुठेच नाही, त्यामुळे तो जमला की मनातली भीती जाते. पण खरी परीक्षा घाटाची नाही, दुसऱ्या दिवसाची आहे. शनिवारी सामान लावून ७० किलोमीटर आणि रविवारी परत ७०. एक दिवस शंभर मारणारे पुष्कळ आहेत, पण सकाळी उठून त्याच दुखऱ्या बुडाने परत सीटवर बसायचं हे वेगळंच काम आहे, आणि ते निघायच्या आधी दोघांनी एकत्र तीन-चार वेळा करून बघितलं पाहिजे. त्यातच कळतं कोण सकाळी लवकर उठतो, कोणाला भूक लागली की राग येतो. माझ्या मित्राला येतो. आता मला माहितीये, तो गप्प झाला की आधी केळं काढायचं आणि मग बोलायचं.

सायकल आणि सामान

महागडी सायकल लागत नाही. हायब्रिड किंवा साधी एमटीबी (डोंगरात चालवायची जाड टायरची सायकल) चालते, फक्त एमटीबीचे जाड गोट्यांचे टायर काढून गुळगुळीत टायर लावा, ३५ ते ४० मिमीचे मिळाले तर बेस्ट. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूला छापलेलं असतं, सामान असताना मागच्या चाकात जरा जास्त ठेवा. मागे कॅरियर बसवायला फ्रेमला भोकं आहेत का ते आधी बघा. गिअरमध्ये एक गोष्ट बघायची, पुढची सगळ्यात छोटी चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती यांचे दात जवळपास सारखे हवेत, तरच सामान घेऊन चढ चढताना गुडघे वाचतात.

आणि दोघांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट, दोघांच्या चाकांची साइज आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह सारखा असू दे. मित्राची सायकल २६ इंची होती, त्याने ती भावाकडून ७०० सी साइजच्या चाकांची बदलून घेतली आणि आम्ही चार ट्यूब दोघांत वापरल्या. एकाला पातळ व्हॉल्व्ह आणि दुसऱ्याला मोटारसायकलसारखा जाडा असेल तर पंपावरून पण घोळ होतो. जाडा व्हॉल्व्ह बरा, कुठल्याही टायरवाल्याकडे हवा भरता येते.

सीटची उंची नीट करा, त्यात कंजूषी नको. टाच पेडलवर ठेवून पेडल खाली नेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे, म्हणजे पुढचा पंजा ठेवल्यावर गुडघा थोडासा वाकलेला राहतो. गुडघा पुढून दुखायला लागला तर सीट बहुतेक खाली आहे, मागून दुखला तर वर आहे. रस्त्यात दुखलं तर आधी हेच बघा, एका वेळी चार-पाच मिलिमीटरच बदला.

सामान माणशी आठ ते दहा किलो, त्यापेक्षा जास्त झालं तर काहीतरी काढा. सायकलिंगच्या पॅड लावलेल्या दोन चड्ड्या, त्याच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही, ही चूक नवीन माणसं हमखास करतात आणि मग शिवण घासून जखमा होतात. जांघेत व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल. चड्डी रोज संध्याकाळी धुवायची, आदल्या दिवशीची घामट चड्डी परत घातली की फोड आलेच समजा. संध्याकाळचा एक जोड, पातळ टॉवेल, मागचा लाल लाइट आणि पुढचा लाइट, हेल्मेट, हँडलला लावायचा छोटा आरसा. आरशाला आधी मी नको म्हणत होतो, आता त्याच्याशिवाय हायवेला जाणार नाही. पॉवर बँक दोघांकडे वेगळी आणि मॅप दोघांच्या फोनमध्ये ऑफलाइन. पाठीवर सॅक अजिबात नको, पाठ आणि बूड दोन्ही जातात.

रस्ता

आम्ही पणजीवरून गेलो नाही. डिचोली, साखळी, उसगाव, फोंडा, बोरीचा पूल, मडगाव आणि मग हायवे ६६ ने काणकोण, पहिल्या दिवशी ९० च्या आसपास. उसगावच्या बाजूला खनिजाचे ट्रक असतात म्हणून तो भाग सकाळी उजाडताच काढायचा. दुसऱ्या दिवशी पोळेला गोवा संपतं, सदाशिवगडवरून काळी नदी ओलांडली की कारवार. जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला, तेव्हापासून एकाच पुलावर दोन्हीकडच्या गाड्या, त्यामुळे कडेने एकामागे एक जा आणि फोटोसाठी मध्येच थांबू नका. कारवार सोडताना बोगदा आहे, आत शिरायच्या आधी दोघांचे लाइट चालू. पुढे नेव्हीच्या तळाचं कुंपण लागतं तिथे फोन बाहेर काढायचा नाही. मग अंकोला आणि गोकर्ण, गोकर्ण हायवेपासून आत आहे ते मोजून ठेवा, थकल्यावर ते दहा किलोमीटर फार लांब वाटतात.

गोकर्ण ते मुर्डेश्वर ८० च्या आत, मुद्दाम छोटा दिवस, कारण तिसऱ्या दिवशी अंग सगळ्यात जास्त बोलतं. चौथ्या दिवशी उडुपी, शंभरच्या आसपास, वाटेत कुंदापूरच्या अलीकडे मरवंतेला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मधून आपण. तिथे आम्ही तासभर नुसते बसलो होतो, आणि मला वाटतं तशी जागा आली की बसावंच, किलोमीटर कुठे पळून जात नाहीत. पाचवा दिवस उडुपीत आराम. मग मंगळुरूवरून कासरगोड, पुढे कन्नूर, कोझिकोड, गुरुवायूर, कोची. कोचीत दुसरा आराम. तिथून आलप्पुळा फक्त ५५, कोल्लम ८५, वर्कलावरून तिरुवनंतपुरम ७० च्या आत, आणि शेवटचे ९०.

कर्नाटकात हायवे बराचसा चौपदरी आणि कडेला पट्टा आहे, सायकल त्या पांढऱ्या रेघेच्या बाहेर ठेवायची, फक्त तिथे काच, खडी आणि उलट्या बाजूने येणारे स्कूटरवाले असतात. केरळात गोष्ट बदलते. हायवे सहापदरी करायचं काम, खोदलेले पट्टे, सर्व्हिस रोडवर बस. म्हणून जिथे जमेल तिथे किनाऱ्याचे गावातले रस्ते धरा. कोचीत शिरताना वायपिन बेटावरून या आणि तिथून रो-रो बोटीने (गाड्यांसकट माणसं नेणारी बोट) फोर्ट कोचीला उतरा, अगदी आपल्या फेरीबोटीसारखंच, सायकल ढकलत आत न्यायची. फोर्ट कोचीहून पुढे चेल्लानमवरून आलप्पुळ्यापर्यंत समुद्राकडेने शांत रस्ता जातो, आख्ख्या ट्रिपमध्ये मला तो दिवस सगळ्यात जास्त आवडला. आणि कोचीत असताना मट्टांचेरीला चेर्लाईचं तिरुमल देवस्थान बघा. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून गेलेले सारस्वत तिथे वसले, त्या भागात अजून कोकणी बोलतात. नवव्या दिवसापासून खुणांनी जेवण मागत आलेलो आम्ही, आणि तिथे एका आजींनी कोकणीतून विचारलं की एवढ्या उन्हात सायकलने कशाला आलात रे बाबांनो, माझ्या मित्राच्या डोळ्यात पाणी आलं.

भाषेचं म्हणाल तर कारवार, कुमट्यापर्यंत कोकणी-मराठीवर निभावतं, उडुपी-मंगळुरूला कोकणी कळणारं कोणीतरी भेटतंच, केरळात "वेळ्ळम" म्हणजे पाणी आणि "चाया" म्हणजे चहा एवढं पाठ करून जा.

खाणं, पाणी, दिवसाचा क्रम

साडेसहाला सायकलवर, अकरापर्यंत दिवसाचं दोन तृतीयांश अंतर संपवायचं, अकरा ते तीन सावलीत, तीन ते साडेपाच उरलेलं. अंधारात चालवायचं नाही, हा नियम आम्ही एकदाच मोडला आणि परत मोडला नाही. घरून निघताना पातळ भाजी आणि पोई खाल्ली, पुढे मंगळुरूकडचे बन्स, इडली, नीर डोसा, केरळात पुट्टू-कडला आणि पिकल्या केळ्याची भजी. डोंगरभर जेवून लगेच सायकलवर बसू नका, दर तासाला थोडं थोडं खा, केळं, चिक्की, खजूर. भूक लागायच्या आधी खायचं, कारण भूक लागल्यावर खाल्लेलं पायात पोचायला वेळ लागतो आणि तोपर्यंत दोघांचं भांडण झालेलं असतं.

पाणी तासाला अर्धा लिटर तरी, उन्हात त्याहून जास्त, पण नुसतं पाणी ढोसत राहिलात तर घामातून गेलेलं मीठ भरून येत नाही, डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसची पाकिटं ठेवा, एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शहाळी वाटेत सगळीकडे. घरून आमसुलं नेलेली, पाण्यात टाकून मीठ-साखर घालून प्यायचो, त्याने खूप बरं वाटायचं. समोरचा असंबद्ध बोलायला लागला, त्याचा घाम थांबला, चालताना तोल जायला लागला तर तो नाही म्हणाला तरी ऐकू नका, सावलीत झोपवा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा, वाटेतल्या चारही राज्यांत तोच नंबर चालतो. दोघं असण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, आपलं बिघडतंय हे आपल्या आधी दुसऱ्याला दिसतं.

हात बधिर होतात, करंगळीकडची बाजू जास्त, तळहातावर एकाच जागी वजन ठेवल्याने नस दबते. दर दहा मिनिटांनी पकड बदला, कोपरं सैल ठेवा. कुत्री मागे लागली तर स्पीड वाढवून पळू नका, उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत जा, बहुतेक वेळा ती गप्प होतात. चावलंच तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस, ट्रिप राहिली तरी चालेल.

पैशाचं सोपं ठेवा. आम्ही रोज सकाळी दोघांनी सारखे पैसे एका पाकिटात टाकायचो, रूम, जेवण, चहा सगळं त्यातून, पाकीट एक दिवस त्याच्याकडे, एक दिवस माझ्याकडे. कोणी किती दोसे खाल्ले हा हिशेब करायचा नाही. आम्हाला माणशी दिवसाला हजार-बाराशे लागले, साध्या लॉजमध्ये राहून. रूम घेताना आधी विचारा की सायकल आत ठेवता येईल का, तळमजल्यावरची मागा. रात्री घरी फोन एकानेच करायचा नाही, दोघांनी आपापल्या घरी करायचा, नाहीतर दुसऱ्याच्या आईला वाटतं आपल्या मुलाला काहीतरी झालं.

परत येताना

कन्याकुमारीहून तिरुवनंतपुरमपर्यंत छोटा टेम्पो केला आणि तिथून नेत्रावती एक्सप्रेस, ती मडगावला थांबते. तिकिटं निघायच्या आधीच काढा पण तारखेत दोन दिवस मोकळे ठेवा, नाहीतर शेवटचे दिवस ट्रेनच्या धाकाने पळावं लागतं आणि जो हळू आहे त्याचे हाल होतात. सायकल लगेज व्हॅनमध्ये जाते, पार्सल ऑफिसला गाडीच्या तीन-चार तास आधी पोचा, तिकीट आणि ओळखपत्राची झेरॉक्स ठेवा. पेडल काढायचे, डावा पेडल उलट्या बाजूने उघडतो हे लक्षात ठेवा, हँडल फिरवून फ्रेमला समांतर करायचं, मागच्या गिअरच्या डेरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) पुठ्ठा गुंडाळायचा, कारण तोच पहिला वाकतो. गोणपाट आणि सुतळी बाहेर दुकानात मिळते. नाव, फोन आणि मडगाव हे पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून दोन ठिकाणी बांधा. मडगाव यायच्या आधीच एकाने दोघांच्या बॅगा दाराशी आणायच्या आणि दुसऱ्याने पावती हातात धरून गाडी थांबताच लगेज व्हॅनकडे पळायचं, व्हॅन पुढे आहे की मागे ते चढतानाच बघून ठेवा.